प्रॅक्टिकलला तहानभूक विसरते आणि रविवारी संध्याकाळी पोटात गोळा येतो. एकाच नोकरीत दोन्ही कसं?

तापीकाठ यांचा प्रश्न

नमस्कार. लिहू की नको, असं बरेच दिवस चाललं होतं. आज लिहूनच टाकते.

मी एका अनुदानित महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते. जळगाव जिल्हा, तापीकाठचा तालुका. कॉलेजचं नाव लिहीत नाही, कारण माझी तक्रार कुणा एका माणसाबद्दल नाहीच. नोकरीला चौदा वर्षं झाली. पीएच.डी. झालेली आहे. घर जळगावला, सकाळी सव्वासहाची एसटी. मुलगी दहावीत, सासूबाई आमच्याजवळ.

आधी चांगलं सांगते, म्हणजे प्रश्न नीट कळेल.

मागच्या पावसाळ्यात एस.वाय.चा एक मुलगा केळीचं पान वर्तमानपत्रात गुंडाळून प्रॅक्टिकलला घेऊन आला. घरची दोन एकर केळी, पानांवर पिवळे-तपकिरी ठिपके. बांधावर सगळे 'करपा' म्हणतात तो. जर्नलमध्ये त्या दिवशी दुसरंच प्रॅक्टिकल होतं, मी ते बाजूला ठेवलं. ठिपक्यावर पारदर्शक चिकटपट्टी हलकेच दाबली, उचलली, स्लाइडवर कॉटन ब्लू या रंगाच्या थेंबात ठेवली. मुलाला म्हटलं, तूच फोकस कर. बराच वेळ त्याला काही दिसेना. मग एकदम थांबला. लांबट, बारीक, आडवे पडदे असलेले बुरशीचे बीजाणू. तो डोळा न काढता म्हणाला, "मॅडम, हाऊच शे का तो?" मग बाकीच्या अठरा पोरांची रांग लागली. त्यातल्या निम्म्यांच्या घरी केळी. वारा आणि पाऊस हे बीजाणू कसे पसरवतात, खालची करपलेली पानं कापून बागेबाहेर का न्यायची, दाटीची लागवड का नको, हे सगळं त्या दीड तासात निघालं. दोनला सुटणारं प्रॅक्टिकल साडेतीनला सुटलं. डबा उघडायचं मला आठवलंच नाही, घरी आल्यावर सासूबाईंनी भरीत-भाकरी तशीच परत आलेली पाहिली.

त्या दिवशी मी दमले नव्हते. हे मुद्दाम लिहितेय.

आता दुसरी बाजू. नॅकचे, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेचे, सात निकष असतात, त्यातला तिसरा, संशोधन आणि विस्तारकार्याचा, माझ्याकडे आहे. पाच वर्षांचे कागद. त्यातच २०२४–२५ पासून आमच्यासारख्या संलग्न कॉलेजांत नवं शैक्षणिक धोरण आलं. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याचे पेपर, प्रत्येकाची वेगळी श्रेयांकं, वेगळी अंतर्गत परीक्षा, गुण भरायची वेगळी लिंक. मुलांचे एबीसी आयडी (श्रेयांकं जमा होतात त्या खात्याचे नंबर) काढून द्या, ज्याचं आधारवरचं नाव आणि मार्कशीटवरचं नाव जुळत नाही त्याला तहसीलला पाठवा. एकच माहिती प्राचार्यांना एका तक्त्यात, आयक्यूएसीला (कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाला) दुसऱ्या तक्त्यात, विद्यापीठाला तिसऱ्यात. व्हॉट्सअॅपचे अकरा ग्रुप आहेत, आणि रात्री साडेदहाला मेसेज येतो: 'उद्या सकाळी दहापर्यंत, अत्यंत तातडीचे.'

एक प्रसंग डोक्यातून जात नाही. एनएसएसच्या पोरांनी जुलैत कॉलेजमागच्या पडीक जागेत कडुनिंब आणि करंज लावले. खड्डे त्यांनीच खणले, पाणीही तेच घालत होते. आठवड्याने कळलं, फोटोंना जिओटॅग, म्हणजे ठिकाणाची नोंद, नाही, ते चालणार नाहीत. पोरांना परत बोलावलं. लागलेली रोपं उपटता येईनात, म्हणून नर्सरीतून चार नवी पिशव्यांची रोपं आणली आणि हातात धरून फोटो काढले. त्यातली एक मुलगी मला हळूच म्हणाली, "मॅडम, आपण लावली तर होती ना?" मला काही बोलता आलं नाही. खूप लाज वाटली. अजून वाटते.

माझी कॅसची, म्हणजे बढतीची, फाइल दोन वर्षं फिरतेय. एकदा रिफ्रेशरच्या सर्टिफिकेटची प्रत साक्षांकित नाही म्हणून परत आली, दुसऱ्यांदा काय कमी होतं ते कुणी सांगितलंच नाही. विभागात मंजूर पदं चार. भरलेली दोन, बाकी तासिकेवर.

गेल्या वर्षभरात रविवारी चारनंतर पोटात गोळा यायला लागलाय. पहाटे तीनला जाग येते आणि डोक्यात कोणता तरी तक्ता असतो. डॉक्टरांनी अॅसिडिटीच्या गोळ्या दिल्या आणि विचारलं, "कामाचा ताण आहे का?" मी नाही म्हणाले. का नाही म्हणाले, माहीत नाही. मुलीने आवर्तसारणीतली एक शंका विचारली होती, मी उद्या-उद्या करत आठ दिवस घालवले. आता ती मोबाइलवर बघते, मला विचारत नाही.

माझा प्रश्न हा: मी नोकरीला कंटाळलेय की नाही? कंटाळले असेन तर गुरुवारी प्रॅक्टिकलला एवढा जीव कसा रमतो? आणि रमत असेल, तर पहाटे तीनला जाग का येते? मैत्रीण म्हणते, तुझं कामावर प्रेम आहे, तुला कसला ताण. घरचे म्हणतात, एवढा ताण आहे तर सोड. दोघांचंही मला पटत नाही.

पांझराकाठ, धुळे

ताई, मी मानसशास्त्र शिकवते, धुळ्यात. तुमचा प्रश्न वाचून रात्रीच उत्तर लिहायला बसले.

तुमची मैत्रीण आणि तुमचे घरचे एकच गोष्ट धरून चाललेत: ताण आणि कामातला जीव ही एकाच पट्टीची दोन टोकं आहेत, एक वाढलं की दुसरं कमी. तसं ते नाही. नेदरलँड्समधल्या उट्रेख्तच्या विल्मार शॉफेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये कामातली ही गुंतवणूक मोजायची प्रश्नावली मांडली. सतरा विधानं, पुढे २००६ मध्ये नऊ विधानांची छोटी आवृत्ती आली. 'कधीच नाही' ला शून्य, 'रोज' ला सहा. त्यात तीन गोष्टी बघतात: अंगात उमेद आहे का, कामाला अर्थ आहे असं वाटतं का, आणि काम करताना वेळेचं भान हरपतं का. तुमचा न उघडलेला डबा ही तिसरी गोष्ट. आपल्या भाषेत तन्मयता.

थकव्याची मोजणी वेगळी आहे. क्रिस्टिना मॅस्लाक आणि सुसान जॅक्सन यांची बर्नआउटची प्रश्नावली १९८१ ची. तिच्यात भावनिक थकवा, माणसांबद्दल कोरडेपणा आणि आपल्या हातून काही होत नाही ही भावना, अशा तीन बाजू. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये बर्नआउटला आजार न म्हणता कामाशी निगडित अवस्था म्हटलं. तुमच्या लिहिण्यात मला थकवा दिसतो. कोरडेपणा कुठेच दिसत नाही. त्या मुलीच्या प्रश्नाची लाज वाटली म्हणता ना, कोरडं झालेलं माणूस ती मुलगी काय म्हणाली हे लक्षातसुद्धा ठेवत नाही.

आता मूळ मुद्दा. २००१ मध्ये डेमेरूटी, बाकर आणि सहकाऱ्यांनी एक साधी मांडणी केली. प्रत्येक नोकरीत काही मागण्या असतात आणि काही आधार असतात. मागण्या जास्त झाल्या की माणूस झिजतो. आधार असला की माणूस कामात रमतो. हे दोन झरे वेगवेगळे वाहतात, म्हणून एकाच माणसात एकाच आठवड्यात दोन्ही दिसू शकतं. तुमच्या गुरुवारात सगळे आधार आहेत: काय शिकवायचं ते तुम्ही ठरवलं, मुलाच्या चेहऱ्यावर फळ लगेच दिसलं, तुमचं कौशल्य कामी आलं. तुमच्या रात्रीच्या साडेदहाच्या मेसेजात यातलं काहीच नाही.

आणि मागण्याही साऱ्या सारख्या नसतात. काही मागण्या अवघड असतात पण माणसाला वाढवतात. नवा पेपर पहिल्यांदा शिकवणं, पीएच.डी.चा विद्यार्थी घडवणं. काही नुसत्या वाटेत आडव्या येतात. एकच माहिती तीन तक्त्यांत भरणं ही दुसऱ्या जातीची. पहिल्या जातीचं काम दुप्पट झालं तरी तुम्ही कदाचित पेलाल, दुसऱ्या जातीचं थोडंही अंगावर येतं.

एक करून बघा. दोन आठवडे वहीत तास लिहा. शिकवणं, शिकवण्याची तयारी, मुलांशी बोलणं, कागद, आणि 'हा कागद मी आधीच एकदा दिला होता' असा कागद. शेवटचा रकाना विसरू नका.

झोपेचं मात्र अंगावर काढू नका. डॉक्टरांना पुन्हा भेटा आणि या वेळी खरं सांगा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, कुठल्याही वेळी लागतो, मराठीत बोलता येतं. मी स्वतः एकदा केलाय.

सातपुडा_पायथा, नंदुरबार

मॅडम, रागवू नका, पण मला वाचताना सारखं वाटत होतं की तुमच्या हातात निदान कायम नोकरीची ऑर्डर आहे.

मी सेट (प्राध्यापकपदाची राज्य पात्रता परीक्षा) होऊन नऊ वर्षं झाली. तासिका तत्त्वावर, म्हणजे तासाप्रमाणे मानधनावर, शिकवतो. जून-जुलैत मुलाखत, मग मान्यतेची वाट, मग हजेरी, मग बिल. दिवाळीत, उन्हाळ्यात शून्य. वय छत्तीस. लग्नाची बोलणी आली की मुलीकडचे विचारतात, परमनंट का? एवढ्या एका शब्दावर बोलणी मोडतात.

तुम्ही लिहिलंय, विभागात चार पदं, भरलेली दोन, बाकी तासिकेवर. त्या 'बाकी'तला मी एक. तुमच्या तिसऱ्या निकषाच्या फायली रात्री कोण स्कॅन करतं, हे एकदा बघा. माझ्या कॉलेजात मी करतो. माझं नाव समितीत नसतं.

तरीही ताई, तुमचा गुरुवार मला समजतो. माझी पोरं धडगाव, अक्कलकुव्याकडची. घरात भिली, पावरी. माझा विषय भूगोल. 'पर्जन्यछाया' शब्द पाठ व्हायचा, पण कळायचा नाही. मग एका मुलाला फळ्यावर त्याच्या पाड्याचा डोंगर काढायला लावला, ढग कुठून येतात, पाऊस कुठे पडतो, पलीकडे पाणी आणायला बाया कुठवर जातात, हे त्याने त्याच्या भाषेत सांगितलं. वर्ग गप्प बसून ऐकत होता. त्या तासाचे पैसे मला पाच महिन्यांनी मिळाले. पण तो तास मी कुणालाही देणार नाही.

दिवाळीनंतर यातली काही मुलं आईबापांबरोबर गुजरातेत ऊसतोडीला जातात आणि परत येतच नाहीत. हजेरीच्या तक्त्यात ते 'गैरहजर' एवढंच दिसतं. मला रात्री जाग येते ती त्यांची आठवण येऊन.

जिभाऊ_निवृत्त

मी २०१६ साली विभागप्रमुख म्हणून निवृत्त झालो. १९९० च्या १५ ऑगस्टला आपलं उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालं, त्याआधी आम्ही पुण्याच्या विद्यापीठात होतो. पेपर तपासायला पुण्याला जात असू, रात्रभर एसटीने, मांडीवर पिशवी घेऊन. ताण तेव्हाही होता. पण आम्ही कामाला पूजा मानलं, त्यामुळे तो जाणवला नाही. तुम्हा आजच्या मुलांनीही मनाची तयारी तशी ठेवली तर हलकं वाटेल. जेवण व्हयनं का, सुटी केव्हा लागस, एवढं साधं आम्ही एकमेकांना विचारायचो, त्यानेही बरं वाटायचं.

तापीकाठ

जिभाऊ, तुमच्याबद्दल मला आदर आहे, म्हणून स्पष्ट लिहिते. पूजा मानते म्हणूनच त्रास होतो. ज्याला काही वाटत नाही तो जिओटॅगचा फोटो काढून चहा प्यायला जातो. मनाची तयारी किती करायची? विभागात चार माणसांचं काम दोघं करत असतील तर दोन माणसं कमी आहेत, ते माझ्या मनाने भरून निघणार नाही.

नंदुरबारच्या सर, तुमचं वाचून मी खूप वेळ गप्प बसले. खरं आहे. माझ्या फायली विभागातली तासिकेवरची एक मुलगी स्कॅन करते. मी तिला 'थँक यू' म्हणते आणि पुढे जाते. तिचं नाव कागदावर कुठेच नाही, हे मला आजवर खटकलं नव्हतं.

धुळ्याच्या मॅडम, वही आणलीय. सोमवारपासून लिहिते.

जिभाऊ_निवृत्त

बेटा, तुझं बरोबर आहे. मी घाईत लिहिलं. आमच्या विभागात तेव्हा सहाच्या सहा पदं भरलेली होती, हे मी विसरलो.

मग कामाचं सांगतो. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमावलीत सहायक प्राध्यापकाला आठवड्याला सोळा तास प्रत्यक्ष अध्यापन आहे, सहयोगी आणि प्राध्यापकाला चौदा. कामाचा आठवडा किमान चाळीस तासांचा. वहीतली बेरीज चाळीसच्या बरीच वर गेली तर ती बेरीज घेऊन प्राचार्यांकडे जा. रडत जाऊ नको, वही घेऊन जा. आणि दिलेलं प्रत्येक काम लेखी आदेशाने माग. तोंडी कामाला हद्द नसते. त्या मुलीचं नावही लेखी आदेशात घालून घे.

तापीकाठ, तीन आठवड्यांनी

वही भरली. पहिल्या आठवड्याची बेरीज त्रेपन्न तास, दुसऱ्याची एकोणपन्नास. शिकवणं दोन्ही आठवड्यांत सोळा. शेवटचा रकाना, म्हणजे आधी दिलेला कागद परत देणं: पहिल्या आठवड्यात नऊ तास, दुसऱ्यात सात. ते आकडे मी स्वतःच तीनदा तपासले.

प्राचार्यांकडे वही घेऊन गेले. आवाज कापत होता. त्यांनी पानं उलटली, मग आपल्या टेबलावरचा गठ्ठा दाखवला आणि म्हणाले, "मॅडम, मलाही हेच तीन ठिकाणांहून मागतात." बराच वेळ बोललो. एवढी वर्षं आम्ही दोघं असं कधी बोललो नव्हतो. ठरलं ते असं: विभागांनी माहिती एकदाच, एकाच तक्त्यात भरायची, पुढचे तक्ते त्यातून ऑफिसने काढायचे. रात्री आठनंतर ग्रुपवर कामाचा मेसेज नको. गुरुवारी दुपारी विज्ञान विभागाची मीटिंग लावायची नाही. पहिलं आणि तिसरं पाळलं जातंय. दुसरं दोनदा मोडलं, एकदा तर प्राचार्यांकडूनच. त्यांनी सकाळी येऊन 'चुकलं' म्हटलं.

कॅसची फाइल आहे तिथेच आहे. रिकामी पदं भरणं प्राचार्यांच्या हातात नाही, हे मलाही माहीत आहे. विभागातल्या त्या मुलीचं नाव आता निकष तीनच्या समितीच्या आदेशात आहे. तिने आदेशाची झेरॉक्स मागून घेतली, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घातली. बिल मात्र अजून निघालेलं नाही, त्यासाठी मी सोमवारी तिच्याबरोबर ऑफिसला जाणार आहे.

डॉक्टरांना खरं सांगितलं. पहाटेची जाग अजून येते, आठवड्यातून दोनदा. आधी रोज यायची.

मुलीबरोबर परवा आवर्तसारणी घेऊन बसले. तिला हॅलोजन कळले होते, मोबाइलवरून. अडलं होतं ते वेगळंच होतं, तेच विचारायला ती महिनाभर थांबली होती.

आणि केळीवाला तो मुलगा आज परत एक पान घेऊन आला. या वेळी ठिपके नाहीत, शिरांच्या कडेने फिकट पिवळे पट्टे, आणि पोंग्यातलं, म्हणजे मधलं कोवळं, पान कुजलेलं. बाकीची मुलं म्हणाली, करपाच. तो म्हणाला, नाही, हा हरण्या वाटतो, स्लाइडखाली काही दिसणार नाही, विषाणू आहे. मी विचारलं, मग पसरतो कसा? त्याने खिशातून काड्याची पेटी काढली. आत बांधावरच्या काकडीच्या वेलावरचा मावा होता.